दुपार उन्हाला देऊन टाका

प्रिय भाचीबाई,

तुमचा बेत तुझ्या आईकडून कळला. डबल कॅबिनची पिकअप भाड्यानं घ्यायची, मागच्या हौद्यात फळ्या टाकून झोपायची सोय करायची आणि चौघी मैत्रिणींनी भर मे महिन्यात जैसलमेरच्या वाळूत मुक्काम ठोकायचा. 'तू तरी तिला समजाव,' म्हणून तुझ्या आईनं मला फोन केला. मी काही तुला अडवणार नाही. ट्रकवाल्याच्या घरात माझा संसार झाला; गाडीतला मुक्काम म्हणजे काय ते तुझ्या आईपेक्षा मला जास्त ठाऊक. पण उन्हाबद्दल बोलायचं आहे, आणि तेही उघड्या पत्रात. सुट्टीत गाड्या घेऊन निघणाऱ्या पोट्ट्या तुम्ही एकट्याच थोड्या आहात!

आधी जागेचं बोलू. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. वाळवंटाला भेटायचं तर डिसेंबर-जानेवारीत भेटावं. आणि मे महिन्याचीच हौस असेल तर इतक्या लांब कशाला जायचं? अकोल्याला ये. २०२४ च्या मे अखेरीस इथं पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी ३१ तारखेपर्यंत कलम १४४ लावलं. दंगल नव्हती, मोर्चा नव्हता. नुसतं ऊन होतं. २५ मे पासूनच्या नऊ दिवसांना आपल्याकडे नवतपा म्हणतात, आणि तो आदेश नेमका त्याच दिवसांतला. वाळू नसली तरी बाकी सगळं आहे: उत्तरेला गाविलगडचे डोंगर, दक्षिणेला अजिंठ्याची रांग, मध्ये पूर्णेचं सखल खोरं, समुद्र शेकडो कोस लांब, आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि पीक निघून गेल्यावर उघडी पडलेली, भेगाळलेली काळी माती. वाळवंटाची तालीम करायला एवढं पुरे.

म्हणून माझं म्हणणं असं, की चार-सहा दिवस वऱ्हाडात काढा. इथं जमलं तर थंडीतलं जैसलमेर तुम्हाला खेळ वाटेल.

वऱ्हाडानं उन्हाशी कधी कुस्ती धरली नाही. दुपार त्याची आहे हे कबूल करून ती त्याला देऊन टाकली आणि उरलेला दिवस स्वतःकडे ठेवला. मे महिन्यात कास्तकार झुंजुमुंजू असताना वावरात जातो आणि दहा-अकराला घरी परततो. बाजारातली गर्दी सकाळी, नाहीतर दिवेलागणीनंतर. कच्छ-काठेवाडाकडचे रबारी मेंढ्या आणि उंट घेऊन आपल्या भागात फिरतात, ते तर खरे वाळवंटी लोक. खाटा, भांडी, लेकरं उंटावर लादून त्यांचा डेरा सकाळच्या गारव्यात हलतो आणि ऊन चढायच्या आत सावली धरतो. ट्रकवाल्यांचंही तेच. तुझे काका मे महिन्यात अकोल्याची तूरडाळ घेऊन निघायचे ते रात्री, नाहीतर पहाटे. दुपारी गाडी कडुनिंबाखाली आणि माणूस गाडीच्या बाहेर. पुढं टांगलेल्या कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी तेवढं गार. कंपन्यांना ट्रकच्या केबिनमध्ये एसी बसवणं आता सक्तीचं झालं आहे, पण ते १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या गाड्यांना. त्याआधीच्या ड्रायव्हरांनी घड्याळाच्या जोरावर उन्हाळे काढले.

तुम्हीही तसंच वेळापत्रक करा. पहाटे साडेचार ते नऊ गाडी चालवायची. अकरा ते पाच गाडी उभी, माणसं सावलीत. मग संध्याकाळी काय ते फिरायचं, स्वयंपाक करायचा, गप्पा मारायच्या. 'दुपारी थोडं अंतर कापून घेऊ' हा मोह टाळ. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तासांत टाकून विश्वविक्रम झाला, तोच रस्ता तुम्हाला लागेल. रस्ता झकास आहे, म्हणून तर दुपारी पाय दाबावासा वाटतो. पण काळं डांबर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं, आणि हवा कमी असलेला टायर अशा रस्त्यावर वेगात पळाला की आतून तापून फुटतो. टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासायची. आणि हौदा हा मुक्कामाला आहे, प्रवासाला नाही. गाडी चालू असताना मागं कोणी बसायचं नाही. कायदाही तेच सांगतो.

आता त्या हौद्याचा स्वभाव समजून घे. पत्रा लवकर तापतो आणि लवकर निवतो. दुपारी त्यावर हात ठेववत नाही, पण सूर्य बुडाल्यावर दोन बादल्या पाणी मारलं की तासाभरात तो आमच्या सिमेंटच्या स्लॅबपेक्षा गार होतो. स्लॅब दिवसभराचं ऊन पोटात ठेवून रात्री दोनपर्यंत खाली सोडत बसतो. म्हणून गाडी हे रात्रीचं उत्तम घर आहे आणि दुपारचं अगदी वाईट. दुपारी तीत शिरायचंच नाही. गाडी लावताना कडुनिंब शोध. झाडाची पानं पाणी सोडत असतात, त्यामुळे ताडपत्रीच्या सावलीपेक्षा झाडाची सावली नेहमी गार. झाड मिळालंच नाही तर ताडपत्री दोन पदरी बांध, मध्ये वीतभर मोकळी जागा ठेव आणि बाजू उघड्या सोड. वरचा पदर तापेल, मधली हवा ती आच वाहून नेईल आणि खालचा पदर बराच निवांत राहील. दुपारनंतर सावली गाडीच्या पूर्वेला पडते, त्या अंगाला बसायचं. झोपायला गादीपेक्षा नवारीची बाज बरी, खालून वारा लागतो. एसी लावून बंद केबिनमध्ये झोपण्याचं मात्र मनातही आणू नको. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवून झोपलेली माणसं धुरातल्या विषारी वायूनं झोपेतच गेली आहेत.

तू म्हणशील, एवढ्या भानगडीपेक्षा बर्फाची पेटी नेऊ. नेच. पण हिशेब ऐक. एक किलो बर्फ वितळताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता खातो. एक लिटर पाणी अंगावरून वाळताना सुमारे ५८० खातं. म्हणजे ओलं फडकं बर्फाला सातपट भारी. आपल्याकडचा डेझर्ट कूलर, वाळ्याचे पडदे, बारदान गुंडाळलेला पाणपोईचा रांजण, सगळी करामत याच हिशेबाची. डोक्याला पांढरा सुती दुपट्टा बांध आणि तो वाळू देऊ नको. मानेवर, मनगटावर ओलं कापड ठेव. रात्री चादर पिळून अंगावर घे. हवा चाळिशीच्या वर गेली की नुसता पंखा उलट भाजतो, कारण ती हवा आपल्या कातडीपेक्षा गरम असते. आधी अंग ओलं, मग वारा. मे महिन्यात दुपारची हवा इतकी कोरडी असते की हे सगळं साधतं. मृगाच्या तोंडावर हवेत दमटपणा आला की कूलरही रुसतो, ओला दुपट्टाही. तेव्हा जून लागायच्या आत फिरून घ्या. आणि बर्फ घेताना बघून घ्या: निळसर बर्फ खायचा नसतो. तो फक्त माल थंड ठेवायला. २०१८ पासून त्यात मुद्दाम रंग घालतात.

पाण्याचं वेगळं सांगते, कारण इथं बाहेरचा माणूस हमखास फसतो. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथं विहिरीचं, हापशीचं पाणी खारट. दिसायला स्वच्छ, पण तहान भागत नाही. म्हणून दोन टाक्या ठेव. एकीत गोडं पाणी, पिण्यापुरतं. ते शहरातूनच भरून निघायचं. दुसरीत मिळेल ते, अंग आणि कपडे भिजवायला. त्याला खारं चालतं. पिण्याचं माणशी दिवसाला पाच-सहा लिटर धर, म्हणजे चौघींना वीस-चोवीस. घाम फार गेला की नुसतं पाणी पुरत नाही. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ठेव, चमचा चहाचा. ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं मी करून देते. कांदा खिशात ठेवायचा की नाही यावर तुझ्या काकांशी वाद घालू नको. माझं मत, तो भाकरीबरोबर पोटात गेलेला बरा.

आणि आता जे तुझ्या आईनं सांगायला हवं होतं आणि सांगितलं नसेल, ते. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. लघवीला जागा मिळणार नाही म्हणून घोट-घोट घेतात आणि घसा ओला करून वेळ मारून नेतात. थंडीत ते खपतं, मे महिन्यात जिवावर बेततं. मुतखडा, जळजळ हे नंतरचं. आधी ऊनच लागतं. म्हणून निघण्याआधी नकाशावर देखावे शोधू नका, संडास शोधा. महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप, एसटी स्टँड, ओळखीच्यांची शेतघरं. दर दोन तासांनी थांबायचंच आणि जाऊन यायचंच. लघवी गडद पिवळी झाली किंवा सकाळपासून झालीच नाही, तर अंतर मोजणं सोडा आणि पाणी मोजा. लाज सोडून हे एकमेकींना विचारायचं.

मार्ग असा ठेवा. पहिली रात्र आमच्या अंगणात, गाडीतच झोपा. काय विसरलं ते इथंच कळेल. दुसऱ्या दिवशी पहाटे अमरावती. दुपार तिथं घालवा. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे निघून परतवाड्यावरून घाट चढा आणि दहाच्या आत चिखलदऱ्यात पोचा. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास, चिखलदरा साधारण अकराशे. हजार मीटरला सहा-साडेसहा अंश धरले तर पाच-सहा अंशांचा उतारा नुसत्या चढण्यानं मिळतो. एवढा कोणतीही ताडपत्री देत नाही. १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सननं हे ठिकाण हेरलं म्हणतात आणि मग साहेब लोक उन्हाळा काढायला वर जाऊ लागले. तिथं कॉफीसुद्धा होते. पण आजूबाजूला मेळघाटचं जंगल आहे. देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाले तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी ते एक. तेव्हा झाडाखाली गाडी लावून झोपण्याचा आपला नियम तिथं बाद. परवानगीच्या, कुंपणाच्या जागीच मुक्काम आणि अंधार पडल्यावर रस्त्यावर गाडी नाही. वऱ्हाडी माणसाला उघड्यावरच्या मुक्कामाचं वावडं नाही, हे तू बहिरमच्या जत्रेतल्या राहुट्या आणि गोवऱ्यांवरचे रोडगे बघितलेस तर कळेल. पण ती जत्रा थंडीतली, आणि शेजारी शेकडो राहुट्या असतात.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. ऊन आधी अक्कल नेतं, मग अंग. ज्या बाईला ऊन लागतंय तिलाच ते शेवटी कळतं. ती म्हणते, 'मला काही झालं नाही, चला पुढं.' सर्वांत बडबडी गप्प होते, शांत मुलगी चिडते, एखादी पाऊल वाकडं टाकते, डोकं दुखतं म्हणते, मळमळतं म्हणते. तेव्हाच थांबायचं: सावली, ओलं कापड, मीठ-साखरेचं पाणी. आणि अंग तापलं, बोलणं असंबद्ध झालं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत बघत बसू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असंही समजू नका.

म्हणून चौघींनी दोन जोड्या करा. प्रत्येकीनं स्वतःची नाही, जोडीदारणीची काळजी घ्यायची. ती 'थांब' म्हणाली की थांबायचं. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. आणि सगळ्या गटाचा वेग ठरवायचा तो तुमच्यातल्या सर्वांत कमी ताकदीच्या मुलीनं. तू जोरकस आहेस, तुझं सगळे ऐकतात. उन्हात हाच गुण धोक्याचा. तुझ्यासारखीच्या उत्साहाखातर बाकीच्या तिघी दमलेल्या असतानाही हो म्हणत राहतील. मैत्रीत नाही म्हणणं जड जातं, म्हणून ते नाही आधीच, घरी बसून, गार डोक्यानं मंजूर करून ठेवायचं.

तेव्हा उलट टपाली दोनच गोष्टी कळव: कोणत्या तारखेला येताय, आणि कोण कोणाची जोडीदारीण. पहिलीचं उत्तर येऊन दुसरीचं आलं नाही, तर गाडीची किल्ली तुझ्या काकांच्या खिशात राहील.

तुझी,
अकोल्याची मावशी