लहान गाडी आणि ढीगभर बर्फ

आमच्या कसबा बावड्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसात पडतो तो, नाहीतर लग्नघरी पाण्याच्या पिंपात टाकतात ती लादी. तरी गेल्या वर्षी महिनाभर रात्रीच्या जेवणानंतर आमच्या घरात बर्फाशिवाय दुसरा विषय नव्हता.

आमचा धाकटा भाऊ कॅनडात, मॉन्ट्रियलला असतो. भावजय तिथल्या एका इस्पितळात रात्रपाळी करते. पहाटे तिला आणायला तो निघतो तेव्हा तान्ही मुलगी मागच्या सीटवर असते. बरोबरीचे लोक त्याला सांगत होते, "ही लहान गाडी विकून टाक. चारही चाकांना ताकद मिळते अशी मोठी गाडी घे." मोठी गाडी म्हणजे व्याजाचं कर्ज, आणि ते आमच्या घरात अब्बांपासून कुणी काढलेलं नाही. पण अम्मी म्हणाल्या, "पैशाचं मागाहून बघू. आधी पोरीच्या जिवाचं बोला." तेव्हा भीती आणि हौस दोन्ही बाजूला ठेवून आम्ही गाडीचाच नीट विचार केला.

त्याची गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे, आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांसारखी. म्हणजे इंजिन पुढे आणि त्याची ताकदही पुढच्याच चाकांना. जुन्या अँबॅसिडरला मागची चाकं ढकलायची. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी साध्या घरांच्या दारात उभी राहिली. निसरड्या रस्त्यावर या रचनेचा फायदा होतो. इंजिनाचं वजन ओढणाऱ्या चाकांवरच बसतं, म्हणून चाक रस्ता धरून राहतं. मॉन्टे कार्लोची मोटार शर्यत हिवाळ्यात डोंगरातून जाते. 1964, 1965 आणि 1967 साली ती जिंकली होती ब्रिटनच्या चिमुकल्या मिनी कूपरने, आणि तीही फ्रंट-व्हील ड्राइव्हच.

पण या गाडीची मर्यादाही तिथेच आहे. ती आम्हाला बर्फाने नाही, करूळ घाटाने शिकवली. पावसाळ्यात गगनबावड्यावरून वैभववाडीकडे उतरताना वळणावर लाल चिखल आलेला असला की अब्बा सांगायचे, "पुढची चाकं ओढतात, वळवतात आणि ब्रेकचा जास्त भारही तीच सोसतात. एका बैलाला तीन कामं. एका वेळी एकच सांगा." म्हणून ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर, मग नुसतं वळण, आणि गाडी सरळ झाली की हलकेच अ‍ॅक्सिलरेटर.

बर्फावरही हाच नियम चालतो, फक्त तिथे चूक माफ होत नाही. स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळच जात राहिली, तर पुढच्या चाकांची पकड सुटली असं समजावं. आणखी वळवू नये, ताकदही देऊ नये. अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग थोडं सरळ करावं, पकड आली की गाडी पुन्हा ऐकू लागते. चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं जागीच फिरू लागतात, म्हणून आधीच बेताचा वेग घेऊन न थांबता चढावं. बर्फ गाडीच्या पोटाला लागण्याइतका साचला असेल, तर मात्र लहान गाडी त्यावर अडकतेच.

मग मोठी गाडी बरी नाही का? निघायला आणि चढायला नक्कीच बरी. पण थांबायला चारही चाकांची ताकद कामी येत नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात. गाडी थांबते ती टायरच्या पकडीवर. थंडी सात अंशांच्या खाली गेली की साध्या टायरचं रबर कडक होतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरतात. भाऊ राहतो त्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च हे टायर कायद्याने सक्तीचे आहेत. त्याच्या गाडीला ते होतेच, पण गाडी जुनी घेतली तेव्हापासूनचे, नक्षी झिजत आलेले.

ठरलं ते असं: गाडी तीच, टायर चार नवे. दोन नव्हे, चार. पुढे नवे आणि मागे झिजलेले असले, तर वळणावर गाडीचा मागचा भाग घसरून पुढे येऊ पाहतो. शिवाय पुढच्या गाडीपासून अंतर नेहमीच्या कितीतरी पट. आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढायचा, कारण नळी तुंबली तर विषारी वायू गाडीत शिरतो आणि त्याला वास नसतो. मागच्या सीटवर लेकरू असताना हे विसरून चालत नाही.

शेवटची अट अम्मींची. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर गेली, म्हणजे इशारा आला, की बावड्यातली शहाणी माणसं 43 फुटांच्या धोक्याची वाट बघत नाहीत, सामान हलवायला लागतात. तसंच तिकडे वादळाचा इशारा आला की गाडी दारात राहील आणि सूनबाई मेट्रोने येतील. भावाने ते कबूल केलं.

आपल्यातल्या कितीतरी घरांची मुलं आज थंड मुलुखात आहेत. त्यांचा फोन आला की "गाडी कोणती घेतलीस" हे आपण हौसेने विचारतो. टायर किती जुने आहेत, हेही विचारावं.