नांदगाव पेठेचा हुरडा

अमरावती जिल्ह्यात नांदगावे दोन आहेत. एक खंडेश्वराचे आणि दुसरे पेठेचे. दोहोंकडे जाणाऱ्या मोटारी अमरावतीच्या एकाच स्थानकावरून सुटत, आणि कंडक्टरने घाईघाईत नुसताच 'नांदगाव, नांदगाव' असा पुकारा केला की परगावचा उतारू हमखास फसे. आमचे अकोलेकर स्नेही १९६१ सालच्या मार्गशीर्षात असेच फसले. आम्ही बाकीचे तिघे नागपूर रस्त्यावरील पेठेच्या फाट्यावर त्यांची वाट पाहत ताटकळत उभे, आणि हे गृहस्थ नांदगाव खंडेश्वरास उतरून, तेथील जुन्या हेमाडपंती देवळात खंडेश्वराचे दर्शन घेऊन, दिवस कलता कलता हसत हजर झाले. तेव्हापासून आमच्या मंडळीत कोणी उशिरा आला, की 'काय, खंडेश्वराला गेला होतास वाटते?' असे विचारण्याची चाल पडली. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती मोडलेली नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पुन्हा नांदगाव पेठेस जाऊन आलो. या वेळी अकोलेकर वेळेवर आले. अकोला-अमरावती रस्ता आता असा झाला आहे की उशीर करण्यास निमित्तच उरले नाही. याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीची एक सलग मार्गिका २०२२ सालच्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून काढली, आणि त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली. आमच्या वेळी तेवढ्या वेळात खड्ड्यांची मोजणीही झाली नसती!

आम्ही चौघे विदर्भ महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९२३ साली निघालेले ते किंग एडवर्ड कॉलेज. स्वातंत्र्यानंतर त्याचे नाव पालटले, तरी आमच्या वडिलांच्या पिढीच्या तोंडी जुनेच नाव असे. एक अकोलेकर, एक अचलपूरकर, एक आम्ही अंबागेटाच्या आतले, आणि चौथा नांदगावकर. तो जातीने कुणबी, घरचा चांगला जमीनदार, अंगाने दणकट आणि गणितात आमच्या सर्वांच्या पुढे. आम्ही बुद्धीने बेताचे. पण त्याच्या वह्यांवर आम्ही परीक्षा काढल्या, हे येथे कबूल करण्यास हरकत नाही. अचलपूरकर २००९ साली गेले. तेव्हा आता तिघेच.

पेठ अमरावतीहून चार-पाच कोसांवर. शनिवारी दुपारचा तास संपला की चौघांच्या सायकली नागपूर रस्त्यास लागत. गाडगेबाबांच्या समाधीपाशी क्षणभर उतरून हात जोडायचे, पुढे राहाटगाव, आणि मग दोन्ही बाजूंस काळीभोर जमीन. एका अंगास कापूस फुटून पांढरा झालेला, दुसऱ्या अंगास ज्वारी पुरुषभर उंच, मधून मधून तुरीचे तास. वेचणीस निघालेल्या बाया ओटीत कापूस भरून घेऊन रस्त्याकडेला उभ्या राहत आणि आम्हांस पाहून हसत. अचलपूरकरांस तेवढ्यात गाणे सुचे. त्यांचा गळा गोड, पण ताल असा, की सायकलीची घंटा वाजवून तो आम्हांस सांभाळावा लागे.

या रस्त्याची आमची ओळख मात्र त्याहून जुनी. १९५६ सालच्या दसऱ्याच्या सुमारास, आम्ही बारा वर्षांचे असताना, नागपुरी गेटाजवळ उभे राहून आम्ही माणसांचे थवेच्या थवे नागपूरच्या दिशेने जाताना पाहिले. कोणी मोटारींतून, कोणी बंडीतून, कितीएक पायी. पुष्कळांच्या अंगावर पांढरीशुभ्र वस्त्रे. 'ही मंडळी कोठे चालली?' असे आम्ही घरी विचारले. 'नागपूरला,' एवढेच उत्तर मिळाले आणि विषय तेथेच थांबला. १४ ऑक्टोबरला नागपुरास डॉ. आंबेडकरांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, हे आम्हांस शाळेत कळले. त्याच वर्षी २० डिसेंबरला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला, आणि सारी अमरावती रस्त्यावर लोटली. त्या वेळी मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनी आम्हांस हाताशी धरून नेले होते. एका प्रसंगी नेले आणि दुसऱ्या प्रसंगी विषय थांबवला, यातील भेद त्या वयात आमच्या ध्यानात आला नाही.

नांदगावकराचा वाडा धाब्याचा. पुढे ओसरी, आत चौक, मागे गोठा आणि कडब्याची गंजी. त्याच्या आईस तो 'माय' म्हणे, आणि दुसऱ्या खेपेपासून आम्हीही तसेच म्हणू लागलो. माय अक्षरशत्रू, पण माणसाची भूक ओळखण्यात तिचा हात धरणारा आम्ही पुढे कोठे पाहिला नाही. पहिल्या दिवशी आम्ही अमरावतीच्या सवयीने 'पुरे, पुरे' म्हणू लागलो. त्यावर ती म्हणाली, "कायले लाजता रे पोट्टेहो? वावर काय उपाशी मरते काय तुमच्या खाण्यानं?" त्यानंतर आम्ही लाज सोडली ती चार वर्षे सोडली.

ते रोडगे आजही आठवतात. कणकेचा गोळा पदर काढून वळायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा, बाहेरून खरपूस झाला की राख झटकून फोडायचा आणि त्यात तुपाची वाटी उपडी करायची. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचे वरण. आमच्या घरी सणासुदीस पुरणपोळी होई, तिच्याबद्दल तक्रार नाही. परंतु वावरातल्या रोडग्याच्या पंगतीस बसलेल्या माणसाने पुरणपोळीची बढाई मारू नये, एवढे खरे.

आणि हुरडा! सकाळचे दव उतरले की वावरात आगटी पेटे. नांदगावकराच्या घरचे एक वयस्क सालदार होते, ती कला त्यांची. दुधाळ दाण्यांची कणसे नेमकी पारखून ते आगटीत खोचत, नेमक्या क्षणी बाहेर काढत, आणि दोन्ही तळव्यांत चोळून, फुंकर घालून हिरवागार वाफाळता हुरडा आमच्या पुढ्यात टाकत. जवसाची चटणी, गूळ, दही. आम्ही चौघे गोल बसून खात असू. सालदार आगटीपाशीच उकिडवे बसलेले. त्यांच्याजवळ भोपळ्याचा एक तुंबा नेहमी असे. वावरात विहीर असताना हा मनुष्य घरून पाणी का वाहून आणतो, याची आम्ही थट्टा करीत असू. अकोलेकरांनी एकदा त्या तुंब्यासाठी हात पुढे केला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गरम झालं पाणी, बापू. विहिरीचं घ्या." म्हाताऱ्याचा लहरीपणा, असे आम्ही समजलो.

संध्याकाळी कधी सायकली तशाच पुढे मोझरीकडे दामटल्या जात. गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेस सारा जमाव एकत्र बसे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन भजन म्हणत, आणि परतताना अंधारात अचलपूरकर त्यांची नक्कल करीत. महाराज १९६८ साली गेले. अशी मोकळी, हसरी वर्षे पुढे आली नाहीत.

पण मित्राच्या घरी खाल्लेल्या अन्नाबरोबर आपल्या घरी त्याला काय वाढले गेले, हेही लिहिले पाहिजे. नांदगावकर आमच्याकडे अभ्यासास येई, तो पडवीत बसे. आमची आजी सोवळ्याची. तिच्या शिस्तीप्रमाणे पडवीच्या कोनाड्यात त्याच्यासाठी एक कप वेगळा ठेवलेला होता. चहा झाला की तो उठे, अंगणातल्या नळावर कप विसळी आणि कोनाड्यात पालथा घाली. हे त्याला कोणी सांगितले, की त्याने आपणहून ओळखले, कोण जाणे. आम्ही शेजारी बसून पाहत असू. आमचा कप आत जाई, त्याचा कोनाड्यात. चार वर्षांत आम्ही आजीपाशी एक शब्द काढला नाही. आजी प्रेमळ होती, परीक्षेच्या दिवशी त्याच्याही हातावर दही ठेवी, पण वरून. ज्या अमरावतीत १९२७ साली पंजाबराव देशमुखांनी अंबादेवीचे देऊळ अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून चळवळ केली, त्याच देवळापासून हाकेच्या अंतरावर, त्यानंतर चौतीस वर्षांनी, तो कप पालथा पडत होता. वाचकांपैकी कितीएकांच्या जुन्या घरात असा एखादा कोनाडा असेल. घर पाडले म्हणून तो पडतोच असे नाही.

ही गोष्ट एकदा बोलून टाकावी, म्हणूनच खरे तर या वेळी आम्ही जाण्याचा आग्रह धरला. वय ऐंशीच्या पुढे गेले, की पुढच्या मार्गशीर्षाचा भरवसा धरवत नाही.

पेठ ओळखू येत नाही. रस्ता चौपदरी, वेशीपाशी टोलनाका. एका अंगास औद्योगिक वसाहत, कापडाच्या गिरण्या. आणि २७० मेगावॅटचे पाच संच असलेल्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दुरूनच दिसतात. ज्वारी जवळजवळ दिसतच नाही; जिकडे तिकडे सोयाबीन निघून गेलेली रिकामी रानेच. नांदगावकराची अर्धी जमीन वसाहतीत गेली, उरलेल्यात त्याचा मुलगा तूर आणि कापूस करतो. आमच्यासाठी म्हणून त्याने बांधालगत ज्वारीचे चार तास मुद्दाम पेरून ठेवले होते. माय केव्हाच गेली. ओसरी तेवढी तशीच आहे. आगटी सुनेने पेटवली आणि हुरडाही तिनेच चोळला. चांगला होता. दात नसल्यामुळे अकोलेकरांनी तो दह्यात कालवून खाल्ला.

खाणे झाल्यावर आम्ही कपाची गोष्ट काढली. बोलताना आवाज नीट राहिला नाही. नांदगावकर बाजेवर पडल्या पडल्या ऐकत होता. सारे ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "कपाचं काय घेऊन बसलास गड्या? त्याले कान तरी होता. आमच्या गोठ्यात जरमनची वाटी होती, ते नाही दिसली तुले?"

आम्हांस काही उमगेना. मग त्याने सांगितले. ती वाटी सालदारांसाठी. मायच्या हातचे रोडगे आम्हांस ओसरीवर मिळत, ते त्यांना गोठ्याच्या दाराशी, वरून टाकून. १९५६ च्या दसऱ्याला सालदार आपली बंडी जोडून, बायकोपोरांसह नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. परत कामावर आले ते स्वतःचा तुंबा घेऊन. वाटीस त्यांनी पुन्हा हात लावला नाही. भांडले नाहीत, काही बोललेही नाहीत. विहिरीचे पाणी कोणीतरी वरून ओतायचे आणि त्यांनी ओंजळ धरायची, तीही त्यांनी पुन्हा धरली नाही. वाटी गोठ्याच्या वळचणीस तशीच राहिली, आणि माय रोज ती घासून ठेवी.

"तुह्या घरी मी कप उपडा घालो, तवा मले त्यायचा तुंबा आठवे," नांदगावकर म्हणाला. "पण घरी येऊन मायले कधी म्हटलं नाही, वाटी फेक म्हणून. आता तू मले माफी मागतो. मी कोणाले मागू?"

आगटीतल्या कणसास विटाळ नसतो, असा काही नियम त्या काळी असावा. कारण त्यांच्या तळव्यांत चोळलेला हुरडा आम्ही चौघेही बिनदिक्कत खात होतो. आमच्या सगळ्या आठवणींत ते आगटीपाशी बसलेले आहेत. आणि त्यांचे नाव आम्ही कधी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले. नांदगावकराने सांगितले. ते येथे छापत नाही. त्यांच्या घरच्यांस विचारल्यावाचून तो अधिकार आम्हांस नाही.

त्यांचा नातू वसाहतीतल्या एका गिरणीत कामास आहे, घर गावातच आहे, असे कळले, तेव्हा आम्ही तिघे हळूहळू चालत निघालो. बुद्धविहारावरून पुढे तिसरे घर. निळ्या रंगाचे दार, पुढे तुळशीसारखी लावलेली झेंडूची रोपे. दारास कुलूप होते. शेजारच्या बाईंनी सांगितले की मंडळी मोर्शीकडे लग्नास गेली आहेत, परवा येतील. "काही निरोप आहे काय?" असे त्यांनी विचारले. आम्ही एकमेकांकडे पाहिले. नांदगावकर म्हणाला, "मी येतो परवा."

बाईंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. तिघेही पाणी प्यालो. अकोलेकरांस अंधारापूर्वी घर गाठायचे होते, म्हणून लगेच निघालो.