धाव

सिंदफणा नदीच्या वाळूत बैलगाडी रुतली की शाळेतून घरी निघालेली आम्ही पोरं दप्तरं काठावर टाकून पळत जायचो. एखादा नवखा मागून साटीला रेटायचा. गाडीवान ओरडायचा, "मागून काय रेटतो? चाकाला हात घाल, वरून!" मग माथ्याजवळचे आरे धरून जोर लावला की गाडी हलायची. एकदा हलली की पुढचं बैल बघायचे.

त्यातलं शास्त्र सरांनी नंतर फळ्यावर मांडलं. चाक जमिनीला टेकतं तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. तिथून आख एक त्रिज्या दूर, माथा दोन. म्हणून तेवढ्याच जोराचा परिणाम माथ्यावर दुप्पट.

आमच्या शिरूर कासारात गतीचे शब्द पुस्तकाआधी बोलण्यात होते. लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी म्हणजे धाव. मोटेचे बैल उतरायचे ती उतरती वाटही धाव. बैलांचं वजनसुद्धा ओढीला लागावं म्हणून ती उतरती. गाडीखाली वंगणाचं नळकांडं लोंबायचं. घर्षण हा शब्द शाळेत भेटला, पण आखाची कुरकुर कानाला आधीच कळायची.

न्यूटनचे तिन्ही नियम मात्र आम्ही नुसते घोकले. आज नववीतली माझी पुतणी मोबाईलवर बलाचे बाण लहानमोठे करून बघते, घर्षण शून्य करून वस्तू सरळ चाललेली पाहते. जडत्व तिला जेवढं स्वच्छ कळलंय, तेवढं मला त्या वयात कळलं नव्हतं. हे तेव्हा असतं तर किती पोरं विज्ञानाला घाबरली नसती!

पण चाक तिनं कधी रेटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात वाड्यामागच्या जुन्या गाडीशी तिला नेलं. आखाजवळ जोर लावला, गाडी ढिम्म. वरचा आरा धरला आणि चाक वीतभर सरकलं. "काका, परत करू?" म्हणाली. चार वेळा केलं.

ऊसतोडीच्या गाड्यांनाही आता टायर आलेत, बेअरिंग आलंय. तरी गाडी अजून आहे. २०१७ पासूनच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'गतीचे नियम' हा पहिलाच धडा. तो पावसाळ्यातच शिकवला जातो, दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, साखर कारखान्यांकडे निघायच्या आधी. तेव्हा गाड्या दारातच उभ्या असतात. गुरुजी, एक तास वर्गाबाहेर घ्या आणि पोरांचे हात चाकाला लागू द्या.