उतारावरची विद्या

मालवणच्या किनाऱ्यावर परक्याचा माल परमुलखात सुखरूप पोचविणे हा काही नवा व्यवसाय नव्हे. गलबते आणि पडाव हाकणारे तांडेल येथे पिढ्यान्‌पिढ्या निपजले, खोबरे, मीठ, काथ्या, आंबे असे जिन्नस त्यांनी मुंबईच्या बंदरापर्यंत वाहिले, आणि खाड्यांवर पूल होऊन रस्ता निर्वेध होईपर्यंत ह्या मुलखाची बहुतेक आयात-निर्यात समुद्राच्याच मर्जीवर अवलंबून राहिली. पुढे गलबते मोडीत निघाली, आगबोटीही बंद झाल्या, आणि जी हिंमत शिडाच्या दोरांवर खर्च होत असे ती स्टेअरिंगवर येऊन बसली. तरीही तांडेलाच्या शौर्याविषयी सभेत भाषण देणारा गृहस्थ, स्वतःच्या मुलाने ट्रक चालविण्याची इच्छा बोलून दाखविताच, चेहरा पाडतो हे मी अनेकवार पाहिले आहे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाने, “मामानु, माका मोठी गाडी शिकाची आसा,” असे सांगितले तेव्हा आमच्या घरातही तसेच झाले. बहिणीचे म्हणणे एवढेच की, शिकायचेच तर एस.टी.साठी शीक; कणकवलीच्या विभागीय कचेरीतून नेमणुकीचा कागद येईल, अंगावर गणवेश असेल, म्हातारपणी चार पैशांची हमी राहील. तिचे म्हणणे गैर नव्हते. परंतु मुलाचे मन मालवाहतुकीवर जडले होते, आणि घरातला निवृत्त शिक्षक या नात्याने सरकारी नियम वाचून त्यांचा अर्थ लावण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

ते नियम वाचताना मला प्रथम जाणवले ते हे की, गाडी चालविण्याची परवानगी देण्यापूर्वी कायदा माणसाला थांबावयास लावतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे हलक्या मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळू शकतो, व्यावसायिक वाहतुकीच्या परवान्याला मात्र वीस वर्षे पुरी व्हावी लागतात. आणि वीस वर्षांचा इसमसुद्धा, हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर त्याच्यापाशी असल्यावाचून, अवजड वाहनाच्या शिकाऊ परवान्यालाही पात्र ठरत नाही. त्याउपर डॉक्टरचा दाखला, मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि ओरोसच्या परिवहन कचेरीतील परीक्षा. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली रद्द झाली. शिक्षकाने हे म्हणू नये, पण ती गेली हे योग्यच झाले, कारण शाळेने ज्यांना टाकले त्यांना रस्त्यानेही टाकावे असा काही न्याय नाही.

तरुणांना ही मुदत म्हणजे सरकारी खोळंबा वाटतो. आमच्या चिरंजीवांचे ते वर्ष मात्र वाया गेले नाही. हलक्या मोटारीच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला आणि घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो कायम केला. त्या आधारावर त्याने एका ओळखीच्या व्यापाऱ्याचा पिकअप टेम्पो धरला आणि बंदरावरचा लिलाव आटोपला की बर्फात भरलेली सुरमई-बांगड्यांची क्रेट कुडाळ-कणकवलीच्या बाजारात नेऊ लागला. माल हालता कामा नये, बर्फ वितळता कामा नये, आणि दोन्हींची काळजी एकाच पायाने घ्यायची, हे त्याला टेम्पोनेच शिकविले. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद झाली की टेम्पोही उभा राही, आणि तेव्हा तो शेजारच्या गॅरेजात जाऊन ब्रेकचे लायनर बदलताना पाहत बसे.

स्कूलविषयी फार लिहिण्याजोगे नाही. व्यावसायिक वाहन शिकविण्याचा अवधी नियमांनी किमान तीस दिवसांचा ठरविला आहे, पण त्यात प्रत्यक्ष स्टेअरिंग हाती असण्याचे किमान तास केवळ पंधरा. आणि शिकवणीची गाडी बहुधा रिकामी. आरशात पाहून मागे घेणे, चढावर अर्ध्या क्लचवर गाडी तोलणे, वळणावर मागची चाके पुढच्यांपेक्षा आत येतात हे ध्यानी ठेवणे, इतके तेथे निश्चित येते. पूर्वी ह्या सर्वांची तालीम उस्तादाच्या हाताखाली क्लीनर म्हणून राबून मिळे: टायरवर दांडा आपटून आवाजावरून हवा ओळखायची, ताडपत्रीचे दोर आवळायचे, रात्री गाडीखाली निजायचे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्यांशी मी सहमत नाही. तेथे विद्येबरोबर मारही मिळे आणि शिव्या तर परीक्षेवाचून पाठ होत. मात्र उस्तादाची गाडी भरलेली असे, हा भेद मोठा आहे.

कारण ह्या व्यवसायातील खरे अध्ययन भरलेल्या गाडीचे आणि तेही उताराचे आहे. सिंधुदुर्गातून देशावर जायचे म्हणजे फोंडा, करूळ, भुईबावडा किंवा आंबोली यांपैकी कोणता तरी घाट ओलांडणे आले. चढताना इंजिन कण्हते, गाडी रांगते, आणि चूक झालीच तर बहुधा ती तेथल्या तेथे उभी राहते; उतरताना ती चूक माफ होत नाही. दोन आसांच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २०१८ साली १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेली. एवढे वजन दाजीपूरच्या बाजूने फोंड्याकडे उतरू लागले, आणि चालकाने ते केवळ पायाच्या ब्रेकने आवरायचे मनात आणले, म्हणजे लायनर ड्रमवर घासून तापतात, तापले की त्यांची पकड सुटत जाते, पकड सुटली म्हणून तो अधिक जोराने दाबतो आणि ते अधिक तापतात. करपल्याचा वास नाकाशी येईतो निम्मा घाट शिल्लक असतो. म्हणून ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हे जुन्या ड्रायव्हरांचे फर्मान. इंजिनालाच लगाम करायचे आणि ब्रेक राखून ठेवायचा. ह्या गाड्यांचे ब्रेकही हवेच्या दाबावर चालतात, त्यामुळे सकाळी इंजिन सुरू केल्यावर टाकीत पुरेशी हवा भरल्याचे काट्यावर दिसेपर्यंत निमूटपणे बसून राहावे लागते. भाचा मला म्हणाला, “चालवूक बेगीन येता मामानु, उतरूक येवक वेळ लागता.”

(थांबण्याची पराकाष्ठा पाहायची असेल तर कोकण रेल्वेवर पाहावी. १९९९ साली सुरू झालेल्या तिच्या रो-रो सेवेत भरलेले ट्रक कोलाड, वेर्णा, सुरतकल येथे सपाट वाघिणींवर चढवितात आणि ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये बसून आमच्या जिल्ह्यातून गाडीसकट पार होतात. ती गाडी जाताना दिसली की चाके न फिरविता मजल मारणाऱ्या त्या मंडळींचा मला हेवा वाटतो.)

पण मालाला थांबणे ठाऊक नसते, आणि सारी अडचण तेथेच आहे. देवगडचा हापूस संध्याकाळी पेट्यांत भरला की तो वाशीच्या बाजारसमितीत लिलावापूर्वी पोचला पाहिजे. उशीर झाला तर भाव उतरतो, आणि बागायतदार, अडत्या व गाडीमालक तिघेही ड्रायव्हरकडे बोट दाखवितात. मासळीचे तर बोलायलाच नको. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाचे आठ आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास मुक्रर केले, पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली; एप्रिलच्या रात्री महामार्गावर रांगेने धावणाऱ्या आंब्याच्या गाड्यांकडे पाहून त्या कलमांची आठवण कोणाला होत असेल असे वाटत नाही. घाट सांगतो सावकाश, पेटी सांगते लवकर, आणि दोघांच्या मध्ये विशीतला एक मुलगा झोप आवरीत बसलेला असतो. स्कूलच्या पंधरा तासांत झोपेचा धडा नाही. मला विचाराल तर परवान्याच्या परीक्षेत, मालकाला ‘आता गाडी हाकणार नाही, दोन तास निजतो’ हे वाक्य सांगता येते की नाही, हेही तपासावे.

नोकरी मिळाली ती एका चिरेवाल्या मालकाकडे: जाताना कोल्हापूरकडे जांभ्याचे चिरे, येताना गूळ, साखर किंवा भाजीपाला. पगार बेताचा, फेरीमागे भत्ता वेगळा. आंब्याच्या फेऱ्यांना भत्ता अधिक असूनही पहिल्या हंगामात वाशीला पाठवू नका असे त्याने आपण होऊन सांगितले, आणि मालकाने, थोडे हसून का होईना, ते मान्य केले. नेमणुकीपूर्वी मालक त्याच्याशेजारी बसून फोंडा घाट उतरला, वाटेत अक्षरही बोलला नाही, आणि पायथ्याशी गाडी उभी करवून खाली उतरला व ड्रमजवळ हात धरून उष्णता अजमावून आला.

वाद झाला तो पुढे, आणि तो डिझेलवरून. मालकाचा जुना ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचवितो व त्याबद्दल बक्षिसीही घेतो. भाच्याचे म्हणणे असे की, नव्या बीएस-सहा इंजिनात गिअर घालून ॲक्सिलरेटर सोडला की डिझेलचा फवाराच बंद होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते, तेव्हा ह्या काटकसरीत धोका आहे आणि काटकसर मात्र नाही. जुन्या ड्रायव्हरने हे पुस्तकी ज्ञान म्हणून उडवून लावले. मालकाने दोघांपैकी कोणाचीही बाजू घेतली नाही. पुढच्या खेपेस दोन्ही गाड्यांच्या टाक्या काठोकाठ भरून द्यायच्या आणि परत आल्यावर पंपावर मोजून पाहायचे, एवढे त्याने ठरविले आहे.