आमची खलाटी

आमचे घर वांगणीच्या बाजूला, उल्हास नदीच्या काठाजवळ आहे. नदी आणि घर यांच्यामध्ये आमचे सखल भातशेत आहे. त्याला आम्ही खलाटी म्हणतो. मोठ्या पावसात ती पाण्याखाली जाते. मग बाबा फार चिडतात.

२०१९ साली मी पहिलीत होते. २६ जुलैच्या रात्री खूप पाऊस पडला. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. दुसऱ्या दिवशी हजाराहून जास्त प्रवाशांना सुखरूप बाहेर काढले. जवळपासचे गावकरीही मदतीला धावले. त्या पुरात आमच्या ओट्याच्या दोन पायऱ्या बुडाल्या. तिसरी कोरडी राहिली.

या वर्षी खलाटीत भराव टाकून प्लॉट पाडावेत, असे बाबांच्या मनात आले. ताईच्या कॉलेजला पैसे लागणार आहेत, म्हणून आई गप्प होती. मला तर आनंदच झाला, कारण मला सायकल मिळणार होती.

परंतु आजोबा बाबांना म्हणाले, “अरे, पूर आला की पाणी खलाटीत पसरतं, म्हणून घरात येत नाही. नदीलापण हातपाय पसरायला जागा नको का? आणि वलगणीचे मासे चढतील कुठं?”

पहिल्या पावसात मासे अंडी घालायला नदीतून ओढ्याने शेतात चढतात, त्याला वलगण म्हणतात. तेव्हा खलाटीत मासे, बेडूक, खेकडे, बगळे यांची नुसती जत्रा असते.

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “पृथ्वी तापते आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो.” म्हणजे पुराचे पाणी वाढणार आणि त्याची जागा आपण कमी करणार!

संध्याकाळी मी बाबांना विचारले, “बाबा, आपण भराव टाकला तर ते पाणी कुणाच्या घरात जाईल?” बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी खालच्या आळीकडे पाहिले. तिथे माझ्या मैत्रिणीचे घर आहे.

अजून काही ठरलेले नाही. पण यंदा बाबांनी खलाटीत लावणी केली. सायकल मिळाली नाही, याचे थोडे वाईट वाटते. खोटे कशाला सांगू?

हे वाचणाऱ्या पालकांनो, भराव टाकण्यापूर्वी तुम्हीही हा प्रश्न एकदा घरात विचारा.

(इयत्ता सातवी)