चालत्या गाडीला ग्रीस

झाशीच्या आसपास कुठेही खणलं की दगड लागतो. किल्ल्याची टेकडीही त्याचीच, बुंदेलखंडी ग्रॅनाइटची. मी ज्या टिप्परांची देखभाल पाहतो, त्यांचं आयुष्य खाण आणि क्रशर यांच्यामधल्या कच्च्या रस्त्यावर जातं. तिथल्या धुळीत गारगोटीचे कण असतात. साध्या पोलादावर ते ओरखडे काढतात. अशी धूळ किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती पिन, आणि तिच्या बुशच्या फटीत शिरली, की आतलं ग्रीसच कानशीसारखं काम करू लागतं.

पूर्वी आमची पोरं गाडीखाली झोपून, एकेक निपल पुसून गनने ग्रीस मारायची. काम मन लावून करायची. तरी पिना खोलल्या की एकाच बाजूने खाल्लेल्या निघत. कारण उभ्या गाडीचं वजन पिनेला बुशच्या एका अंगावर दाबून धरतं आणि ग्रीस मोकळ्या अंगाने वाट काढून बाहेर पडतं. जिथे गरज, तिथेच कोरडं. जॅक लावून एक्सल उचलला तर ते पोचतं, पण क्रशरवर माल उतरवायला रांग लागलेली असताना एवढा वेळ गाडी कोण उभी ठेवणार?

मग काही गाड्यांवर आपोआप ग्रीस देणारी यंत्रणा बसवली. चेसीला ग्रीसची टाकी, तिच्या बुडाशी बॅटरीवर चालणारा पंप आणि एक टायमर. गाडी सुरू असताना ठरावीक वेळाने पंप फिरतो आणि थोडंसंच ग्रीस ढकलतो. गाडी हलत असते, वजन क्षणाक्षणाला बाजू बदलत असतं, त्यामुळे पिनेच्या सगळ्या अंगांना ते फासलं जातं. जास्तीचं ग्रीस बुशच्या तोंडाशी गोल कडं धरतं आणि धूळ त्या कड्यातच अडकते. हे कडं ताजं दिसलं की मला बरं वाटतं.

माझा जीव जडला तो पंपाचं ग्रीस प्रत्येक पिनेच्या नळीत वाटणाऱ्या ठोकळ्यावर. मुठीत मावेल एवढा लोखंडी ठोकळा, आत छोटे दट्टे. पहिला सरकला की त्याच्या नळीत मोजून ग्रीस जातं आणि दुसऱ्याची वाट उघडते, दुसऱ्याने तिसऱ्याची. एकही नळी तुंबली की सगळे दट्टे जागीच थांबतात. मग पंपाचा दाब चढत जातो आणि 280 बारच्या आसपास सुरक्षा झडप उघडून ग्रीस बाहेर येतं. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त दाब हा.

एकदा एका चालकाने सकाळीच सांगितलं, "साहब, पंप के पास से ग्रीस टपक रही है." टाकी फुटली, असं त्याला वाटलं होतं. ती झडप होती. आम्ही पंप हाताने चालू ठेवला आणि ठोकळ्याची एकेक जोडणी सैल करत गेलो. मागच्या डाव्या शॅकल पिनेची नळी सैल करताच तिथून ग्रीस उसळलं आणि अडलेले दट्टे पुन्हा सरकू लागले. कमानी आणि चेसीच्या मध्ये उडालेल्या दगडाने ती नळी चपटी केली होती. नळी बदलली, तिच्यावर स्प्रिंगचं वेटोळं चढवलं आणि गाडी दुपारच्या फेरीला गेली.

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेत प्रत्येक जागेचा इंजेक्टर स्वतंत्र असतो. एक बंद पडला तरी बाकीचे चालतात. बरेच जण हा तिचा गुण मानतात. मला तो पटत नाही. बंद पडलेली जागा कुणाला कळतच नाही आणि पिन मुकाट्याने झिजत राहते. एकामुळे सगळे अडतात तिथे निदान त्याच दिवशी बोंब होते. खाणीच्या गाडीला असंच हवं.

झाशीला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांवर धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना हाताचं ग्रीस पुरतं, असं माझं मत. डांबरावर एवढी धूळ कुठली? टिप्परची गोष्ट वेगळी.

ठोकळ्यातले दट्टे रबरी सीलशिवाय, इतके घट्ट बसवलेले असतात की एक कण त्यांना पुरतो. म्हणून ग्रीस पंपाच्या निपलमधूनच, आधी ते पुसून भरायचं. टाकीचं झाकण क्रशरवर उघडायचं नाही, हे प्रत्येक टाकीवर मोठ्या अक्षरांत, हिंदीत रंगवून घेतलं आहे.