बोरी ओलांडताना

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्ग येतं. वाटेत बोरी नदीवरचा पूल लागतो आणि गाडीच्या वेगात मागेही पडतो. त्याच्याकडे कुणी वळून पाहत नाही, कारण आलेल्या प्रत्येकाला किल्ल्यातला धबधबा गाठायचा असतो. फाट्यावर चहा घेताना मीही त्याचीच चौकशी केली. चहावाल्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा कोरड्या आभाळाकडे पाहिलं.

"धरन भरून सांडल्याबिगर कुठलं पानी, साहेब? पर बंधारा बघा की. त्यो कुठं जात न्हाई."

सल्ला मोलाचा होता. उपळी बुरूज, त्यावरच्या लांबलचक तोफा, पडझड झालेले महाल हे सगळं भरभर उरकून मी बंधाऱ्यावर आलो. नळदुर्ग म्हणजे खरं तर दोन टेकड्या. एकीवर मुख्य किल्ला, समोरच्या दुसरीवर रणमंडळ हा जोडकिल्ला आणि मधे बोरी. या दोन्ही टेकड्यांना सांधणारी काळ्या दगडाची भिंत दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधली गेली. बांधणाऱ्याचं नाव मीर मुहम्मद इमादीन. हिला धरण म्हणा, तटबंदी म्हणा की पूल म्हणा, तिन्ही खरं. वरून माणसं चालत रणमंडळात जातात. मागे अडलेलं पाणी वेढा घालणाऱ्याच्या वाटेत आडवं येतं आणि तेच आतल्या शिबंदीची तहान भागवतं. एका दगडात किती पक्षी मारावेत!

एवढ्यावर थांबला असता तर तो आदिलशाही कारागीर कसला. त्याने भिंतीच्या पोटात महाल काढला. अरुंद जिन्याने खाली उतरलं की पाणी महालाची दालनं लागतात. बंधाऱ्यावरून पाणी सोडायला दोन वाटा ठेवल्या आहेत. लोकांनी त्यांची नावं ठेवली नर आणि मादी. पाणी सुटलं की ते महालाच्या तोंडासमोरून कोसळतं आणि आत बसलेला माणूस कोरडा राहतो. मी गेलो तेव्हा सगळंच कोरडं होतं. खिडकीत बसून पाहिलं तर समोरच्या दगडावर पाण्याच्या वाटेचा हिरवट काळा पट्टा तेवढा उरलेला, त्यावरचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. धबधबा सुरू असता तर हे दिसलंच नसतं. तेव्हा डोळे पाण्यावर खिळतात, आणि ते पाणी पेलणारी भिंत मागेच राहते.

पूल, बंधारा आणि बसायला दालनं असा संसार एकत्र मांडलेली जगात गाजलेली वास्तू म्हणजे इराणमधल्या इस्फहानचा खाजू पूल. तो साधारण १६५० चा. म्हणजे नळदुर्गचा बंधारा त्याच्याहून जवळजवळ चाळीस वर्षांनी थोरला. खाजूचे फोटो जगभर फिरतात. आपल्या बंधाऱ्याला सोलापूरकर पावसाळी सहलीपुरते ओळखतात.

'ठगाची जबानी' ही कादंबरी लिहिणारा इंग्रज अधिकारी मेडोज टेलर मात्र इथे रमला होता. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हाती दिला, तेव्हा त्याचा कारभार टेलरकडे आला आणि तो किल्ल्यातच राहिला. पुढे आत्मचरित्रात त्याने नळदुर्गबद्दल आपुलकीने लिहिलं. त्या काळी जिल्ह्याचं ठाणं नळदुर्गलाच होतं; धाराशिवला ते नंतर गेलं.

परतताना रस्त्यावरच्या पुलापाशी मात्र मुद्दाम थांबलो. टेलरनंतर हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला होता. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. हैदराबाद संस्थान भारतात आणण्याच्या या मोहिमेची सूत्रं मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्याकडे होती. हैदराबादच्या वाटेवरचा पहिला मोठा अडथळा बोरीच. पूल उडवला गेला असता तर रणगाडे अलीकडेच खोळंबले असते. सातव्या ब्रिगेडने इतक्या झपाट्याने चाल केली की पूल शाबूत हाती आला. नळदुर्गजवळच्या त्या चकमकीत शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग यांच्या मांडीत गोळी शिरली. तरीही ते सरपटत पुढे गेले आणि मशीनगनच्या ठाण्यावर हातबॉम्ब टाकून त्यांनी ती गप्प केली. ते तिथेच धारातीर्थी पडले. १९५२ साली सुरू झालेल्या अशोकचक्राच्या अगदी पहिल्या मानकऱ्यांत त्यांचं नाव आहे. फौज त्याच दिवशी जळकोटवरून उमरग्याला पोचली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

किल्ल्यांचा इतिहास आपण वेढ्यांच्या आणि तहांच्या तारखांत शोधतो. नळदुर्गला मला तो नदी ओलांडायच्या जागांत जास्त सापडला. आदिलशहाने एक जागा बांधली, दुसरी जागा चौधरींच्या फौजेने शाबूत मिळवली, आणि दोन्ही एकाच नदीवर.

जायचं असेल तर वरचं बोरी धरण भरून सांडू लागल्याची खात्री करून जा. जोराचा पाऊस झाला तर बहुधा सप्टेंबरात ते साधतं. नर-मादीसमोर गर्दी असेल, फोटोसाठी रेटारेटी असेल. तिथून पाय काढा आणि बंधाऱ्यावरून चालत थेट रणमंडळापर्यंत जा. घरी निघताना बोरीच्या पुलावर गाडी जरा हळू घ्या.